टोनावांडाच्या चेस्टरची बायको

सिग्नल लाल झाला म्हणून लॉरेनने ब्रेक दाबला, आणि तेवढ्यात गाडीच्या रेडिओवर तिचा नवरा बोलायला लागला. आधी तिचं लक्षच नव्हतं. वॉल्डन अव्हेन्यूच्या दोन्ही कडांना मार्चमधला मळका बर्फ ढिगाने पडला होता, वारा नदीकडचा होता आणि त्यात कारखान्यातल्या भाजक्या ओट्सचा वास होता, आणि ती काहीच मनात न आणता समोरच्या ट्रकचा लाल दिवा बघत होती. रेडिओ नुसता सोबतीला. डॉनी नावाचा, श्रोत्यांचे फोन घेणारा तो नेहमीचा बडबड्या माणूस म्हणाला, "टोनावांडाहून चेस्टर. बोला, चेस्टर." मग कोणीतरी खाकरलं, दोन तुकड्यांत, आधी लहान आणि मग मोठं, आणि त्या खाकरण्यानेच तिची मान रेडिओकडे वळली. तिचा नवरा नॉर्बर्ट असा खाकरतो. पण नॉर्बर्टचं नाव चेस्टर नव्हे, आणि तो जन्मापासून राहतो चीक्टोवागात. टोनावांडाला तो उभ्या आयुष्यात फार तर एकदा सोफा आणायला गेला असेल. तरी तो नॉर्बर्टच होता. दिवसभर लोकांचे कान तपासण्याचं काम करणाऱ्या बाईला आवाजाच्या बाबतीत फसवणं सोपं नाही. आणि तिला धक्का बसला तो खोट्या नावाचा नव्हे. धक्का बसला तो शब्दांचा. तो बोलतच होता. थांबत नव्हता.

तो रूक्सबद्दल बोलत होता. सगळं शहरच त्या हिवाळ्यात रूक्सबद्दल बोलत होतं. गावच्या अमेरिकन फुटबॉल टीमने आदल्या वर्षी आणलेला हा चेंडू फेकणारा पोरगा, बावीस वर्षांचा, मिशी धड फुटलेली नाही, आणि साठ-सत्तर हजार माणसांचा श्वास त्याच्या एका हातात. पहिल्या वर्षी त्याने निम्मे सामने घालवले होते. चेंडू फार वेळ हातात धरून ठेवायचा, एकाच बाजूला टक लावून बघायचा, आणि तेवढ्यात समोरचे धिप्पाड गडी येऊन त्याला जमिनीत गाडायचे. शेवटच्या सामन्यात तर स्वतःच्याच मैदानात स्वतःच्याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली होती. आता एप्रिलच्या शेवटी कॉलेजात खेळणाऱ्या पोरांची निवड होती, सगळ्या टीम पाळीपाळीने एकेक पोरगा उचलणार होत्या, आणि आपली पहिली पाळी आली की रूक्सचा चेंडू झेलायला कोणाला घ्यायचं यावरून गावात दोन तट पडले होते. एक तट गॅड्सनचा. टेक्सासचा गॅड्सन, वाऱ्यासारखा पळणारा, एका दमात मैदान पार करणारा. दुसरा तट, लहानसा, लिंडक्विस्टचा. आयोवाचा लिंडक्विस्ट पळायला बेताचा, पण फेकणारा अडचणीत सापडला की हा आपली धाव सोडून वळतो आणि त्याच्या दिशेने परत येतो. नॉर्बर्ट लिंडक्विस्टच्या बाजूचा निघाला. तो सांगत होता की पोरगं घाबरलेलं आहे, आणि घाबरलेल्या माणसाला लांब पळणारा दिला तर तो आणखीच एकटा पडतो. मग तो म्हणाला, "माझी बायको म्हणते, पोराला पळणारा नको, वळणारा द्या. वळून त्याच्याकडे बघणारा."

मागच्या गाडीने हॉर्न दिला. सिग्नल केव्हाचा हिरवा झाला होता. लॉरेनने गाडी पुढे घेतली आणि पुढच्या चौकात वळायचं विसरून ती सरळच गेली. असं काही ती म्हणाली नव्हती. ती फुटबॉलबद्दल कित्येक वर्षांत काही म्हणाली नव्हती. खरं तर नॉर्बर्टशी कशाबद्दलच फार काही म्हणाली नव्हती. भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर बरं, भांडणाला निदान आवाज असतो. रेल्वे यार्डातली नोकरी संपली, त्याचा भाऊ फ्लोरिडाला गेला, मैदानावरची त्यांची दोन खुर्च्यांची वर्गणी परवडेना म्हणून सोडली, आणि त्यातल्या कशाचंच फार दुःख कोणी बोलून दाखवलं नाही. मग एकेक वाक्य कमी होत गेलं. आधी जेवतानाची गेली, मग गाडीतली, मग अंथरुणातली. राहिलं ते "आलीस?" आणि "दूध संपलंय" आणि "दार लावलं का?" घरात इतकी शांतता झाली, की कामावरची तिची ती खोली, जाड दाराची, भिंतींना फोम लावलेली, जिथे बाहेरचा टिपूस आवाज येत नाही, तीसुद्धा तिला घरापेक्षा गजबजलेली वाटायची. निदान तिथे माणूस समोर काचेपलीकडे बसलेला असतो आणि ती त्याला सांगते, ऐकू आलं की हात वर करा. अगदी बारीक आलं तरी. खात्री नसली तरी. मग ती एकेक सूर सोडते, खाली खाली उतरत जाते, आणि म्हातारी माणसं डोळे मिटून, शाळेतल्या मुलांसारखी, हळूच हात वर करतात. कधी काही सोडलेलं नसतानाही करतात. त्यांना ऐकू यावंसं वाटत असतं. लॉरेनला त्या हातांची फार माया वाटे.

घरी पोचली तेव्हा नॉर्बर्ट गॅरेजमधून स्वयंपाकघरात येत होता, चिंधीला हात पुसत. महिनाभर तो रोज असाच येत होता. बर्फ उडवायचं मशीन दुरुस्त करतोय, असं त्याने एकदा सांगितलं होतं आणि तिने त्या मशीनची मनातून कीवही केली होती. तो म्हणाला, "आलीस?" ती म्हणाली, "हो." त्याच्या तोंडावर काही नव्हतं. आत्ताच सगळ्या गावासमोर बोलून आलेला माणूस, आणि बटाटे सोलायला बसला. तिने त्याच्याकडे पाठ करून कोट टांगला, आणि तिच्या मनात पहिल्यांदा तो विचार आला, की हा माणूस ज्या बायकोचं नाव घेऊन बोलत होता ती बायको कोण. आपण नव्हे. मग कोणी तरी बोलकी, हुशार, खेळ कळणारी, टोनावांडात राहणारी. जिचं ऐकून तो घराबाहेर पडतो आणि जिचं म्हणणं चार लोकांना सांगावंसं त्याला वाटतं. आहे ही गोष्ट हसण्यासारखी, हे तिला कळत होतं. पण रात्री अंथरुणात त्याची पाठ बघताना तिला हसू आलं नाही.

मग ती रोज ऐकायला लागली. कामावरून निघाली की आधी रेडिओ, मग पट्टा. चेस्टर आठवड्यातून दोनदा तरी यायचा, पाचच्या सुमाराला, आणि डॉनीला तो आवडायला लागला होता हे उघड होतं. बाकीचे फोन करणारे तावातावाने यायचे. कोणी म्हणे रूक्सला विकून टाका, कोणी म्हणे झेलणारे कसले आणता, आधी पोराच्या पुढे उभे राहून मार खाणारे चार रेडे आणा, कोणी गॅड्सनच्या धावेचे आकडे पाठ म्हणून दाखवी. चेस्टर आला की डॉनीच आवाज उतरवायचा. "काय म्हणतायत वहिनी या आठवड्यात?" असं विचारायचा. आणि वहिनींचं काही ना काही म्हणणं असायचंच. वहिनी म्हणत, पोराला बाकावर बसवू नका, बसलेल्या माणसाचे पाय आखडतात. वहिनी म्हणत, त्याची हुर्यो उडवणाऱ्यांनी एकदा भर वाऱ्यात, हात बधिर झालेले असताना, स्वतःच्या मोटारीची किल्ली भोकात घालून दाखवावी. लॉरेन गाडीत एकटीच बसून ऐके आणि तिचे कान तापत. ही बाई चलाख होती. ही बाई तरुणही असावी. नॉर्बर्ट तिच्याबद्दल बोलताना किंचित हसायचा, आणि ते हसू रेडिओतून येताना लॉरेनला इतकं स्पष्ट ऐकू यायचं, की एकदा तिने गाडी दुकानाच्या आवारात उभी केली आणि खिडकीची काच श्वासाने पांढरी होईपर्यंत तशीच बसून राहिली. तिला मत्सर वाटत होता. साठीला टेकलेल्या बाईला, नसलेल्या सवतीचा.

त्याच दिवसांत तिच्या बहिणीचा, रीटाचा, फोन येऊन गेला होता. रीटा नॉर्थ कॅरोलायनात राहायची. तिच्या घरात वरची खोली रिकामी होती आणि गावातल्या कानाच्या दवाखान्यात माणूस हवा होता. रीटा आडपडदा ठेवणारी नव्हती. ती म्हणाली, "तुझं नि त्याचं बोलणं तरी काय होतं गं? दूध आणि दार. ते तू इथूनही फोनवर विचारू शकतेस." दवाखान्याला एप्रिल संपायच्या आत उत्तर हवं होतं. लॉरेनने नॉर्बर्टला यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगायचं तर वाक्य लागतं, आणि तितकं लांब वाक्य त्या घरात बोलायची सवय राहिली नव्हती. कधी कधी कामावरच्या त्या बंद खोलीत, पेशंट यायच्या आधी, ती स्वतःच आत जाऊन बसे आणि मनात म्हणून बघे: नॉर्बर्ट, मी जाते. फोमच्या भिंती ते वाक्य गिळून टाकत. बाहेर आल्यावर ते आपण म्हटलं होतं की नाही याचीच तिला शंका यायची.

ईस्टरच्या आधीच्या उपासातल्या एका शुक्रवारी ती दोघं नेहमीसारखी चर्चच्या हॉलमध्ये मासे खायला गेली. लांब टेबलं, कागदी ताटं, ताटाबाहेर शेपटी येणारा तळलेला मासा, कोबीची कोशिंबीर, राय ब्रेडचा तुकडा, आणि तळणीच्या वासात भिजलेले ओळखीचे चेहरे. त्यांच्यासमोर रॉनी झिमर आणि त्याची बायको बेव्ह बसली. रॉनी यार्डात नॉर्बर्टबरोबर होता. त्याच्या तोंडात मासा आणि गॅड्सन दोन्ही एकदम. शेजारच्या टेबलावरून कोणी तरी लिंडक्विस्टचं नाव घेतलं तसा रॉनी मागे वळून त्याच्याशी वाद घालायला लागला, मग पलीकडचं टेबल त्यात पडलं, आणि बघता बघता अर्धा हॉल कागदी पेले सरकवून टेबलावर मैदान मांडायला लागला. टार्टर सॉसची वाटी म्हणजे रूक्स. लिंबाची फोड म्हणजे गॅड्सन. ती फोड सरळ टेबलाच्या टोकाला गेली आणि खाली पडली. आणि मग एक जण म्हणाला, काहीही म्हणा, पण ते टोनावांडाच्या चेस्टरची बायको म्हणते तेच खरं. लॉरेनने काटा खाली ठेवला. तिने नॉर्बर्टकडे बघितलं नाही. त्याच्या कानाकडे बघितलं. तो कान टोकापासून लाल होत चालला होता. तो मान खाली घालून माशावरचं कुरकुरीत आवरण एका बाजूला काढून ठेवत होता, जे तो कधीच करत नसे, कारण तेवढंच तर त्याला आवडे.

"मला तर त्या चेस्टरचा हेवा वाटतो," रॉनी म्हणाला. "बायको असावी तर अशी. नाही तर आमची बेव्ह. परवा विचारते, मध्यंतर झाल्यावर दोघांचेही गुण पहिल्यापासून मोजतात का?"

बेव्हने त्याला कोपराने ढोसलं. मग ती लॉरेनकडे वळून म्हणाली की पूर्वी तूसुद्धा जायचीस ना गं याच्याबरोबर मैदानावर, थंडीबिंडी न बघता. लॉरेन हो म्हणाली. नॉर्बर्टचा काटा थांबला होता. तिला वाटलं, तो आता काही बोलेल. तो खाकरला, दोन तुकड्यांत. आणि मग त्याने मीठ मागितलं. बेव्हनेच ते पुढे केलं.

ईस्टर आला आणि गेला. ईस्टरच्या ब्रेडबरोबर खायचं, बाजारातून आणलेलं लोण्याचं कोकरू टेबलावर दोन दिवस तसंच बसून होतं, कारण त्याची मान कापायची वेळ आली की दोघंही दुसऱ्याची वाट बघत आणि ब्रेड कोरडाच खात. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, पोलिश मोहल्ल्यात पोरं पिचकाऱ्या घेऊन पोरींच्या मागे धावतात, पोरी विलोच्या फांद्यांनी त्यांना झोडपतात, बँड वाजतात. लग्न झाल्यापासून त्या सोमवारी सकाळी नॉर्बर्ट पेल्यात बोटं बुडवून तिच्या झोपलेल्या तोंडावर पाणी उडवायचा. दर वर्षी ती दचकायची आणि दर वर्षी शिवी द्यायची. कधी तरी ते बंद पडलं. या सोमवारी ती लवकर जागी झाली आणि डोळे मिटून पडून राहिली. पावलं आली. पलंगाशी थांबली. बराच वेळ थांबली. पेल्याच्या काचेवर नख लागल्यासारखा बारीक आवाज तिने ऐकला, किंवा तिला ऐकू यावासा वाटला. मग पावलं परत गेली. तिने गालाला हात लावून बघितला. गाल कोरडा होता. ती तशीच पडून राहिली आणि रीटाच्या घरातली वरची खोली कशी असेल याचा विचार करत राहिली. खिडकी असेल. खिडकीबाहेर त्या गावातली झाडं, इथल्यापेक्षा कितीतरी आधी हिरवी झालेली.

त्याच आठवड्यातल्या बुधवारी शेवटच्या दोन पेशंटांनी येत नाही म्हणून कळवलं आणि ती लवकर घरी आली. गॅरेजचं दार बंद होतं. ती स्वयंपाकघरात आली, किल्ल्या ठेवल्या, आणि भिंतीपलीकडून गुणगुण ऐकू आली. शब्द नव्हते, नुसता आवाजाचा चढउतार, पाण्याखालून बोलल्यासारखा. ती भिंतीपाशी गेली. गॅरेजमध्ये, बंद गाडीत बसून, तो फोनवर बोलत होता. हेच ते बर्फ उडवायचं मशीन. तिने फ्रीजवरचा रेडिओ लावला, अगदी बारीक. रेडिओवर डॉनी अजून दुसऱ्याच कोणाशी हसत होता. थोड्या वेळाने डॉनी म्हणाला, "चेस्टर!" आणि मग भिंतीतून केव्हाच येऊन गेलेला तो आवाज रेडिओतून आला, या वेळी शब्दांसकट. तेव्हा तिच्या लक्षात आलं. रेडिओवर लोकांचं बोलणं काही सेकंद मागे ठेवून सोडतात, कोणी शिवीबिवी दिली तर कापता यावी म्हणून. म्हणजे नॉर्बर्ट आत्ता भिंतीपलीकडे जे म्हणत होता ते तिला अजून कळायचं होतं, आणि जे कळत होतं ते म्हणून तो पुढे गेला होता. तिने एक तळवा भिंतीवर ठेवला आणि कान रेडिओकडे केला. भिंत थरथरायची, आणि थोड्या वेळाने त्या थरथरीचा अर्थ यायचा.

अर्थ असा आला: "माझी बायको म्हणते, फेकणाऱ्यापेक्षा झेलणाऱ्याला जास्त विश्वास लागतो. तो पाठ करून धावत असतो ना. चेंडू सुटलाय की नाही हे त्याला दिसतसुद्धा नाही."

आणि लॉरेनला बर्फ आठवला. आठवला म्हणजे पायांना आठवला. लग्नाच्या आधीचा नोव्हेंबर, मैदानावरच्या उघड्या बाकांवर तलावाकडचा बर्फ आडवा येत होता, आणि नॉर्बर्टने तिच्या बुटांत, मोज्यांवरून, ब्रेडच्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या होत्या. तो गुडघ्यावर बसून पिशव्या चढवत होता आणि मागचे लोक ओरडत होते, खाली बस, लग्नाचं नंतर विचार. तिला तेव्हा खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिने विचारलं होतं, तिथे कोणीच नाही, मग त्याने तिकडे कशाला फेकला? नॉर्बर्ट म्हणाला होता, "तिथे तो येणार आहे." आणि खरंच, बर्फातून एक माणूस आला, वळला, आणि चेंडू त्याच्या हातात होता, जसा काही तो तिथेच ठेवलेला होता. मग तिने ते म्हटलं होतं. तो पाठ करून धावतोय, म्हणजे त्याला फेकणाऱ्यापेक्षा जास्त विश्वास लागत असेल, नाही? नॉर्बर्ट हसला होता, मग हसायचा थांबला होता, आणि पुढचे दोन डाव त्याने मैदानाकडे बघितलंच नव्हतं. ते वाक्य तिचं होतं. पोराला वळणारा द्या, तेही तिचंच. कुठल्याशा दुसऱ्या हिवाळ्यातलं, कुठल्याशा दुसऱ्या पोराबद्दलचं. किल्लीचं तिचं. बाकावर बसल्याचं तिचं. ती विसरून गेली होती, आणि तो ते आज सकाळीच न्याहारीला ती म्हणाली असावी तसं सांगत होता. टोनावांडातली ती चलाख, तरुण बाई तिनेच बोलून ठेवलेली होती. लॉरेनने रेडिओ बंद केला आणि सिंकचा नळ सोडला, कारण तिला रडू येत होतं आणि भिंत पातळ होती. तो चिंधीला हात पुसत आला तेव्हा ती कोबी चिरत होती. त्याने विचारलं, "आलीस?"

तरी प्रश्न सुटला नव्हता, उलट आणखीच बिकट झाला होता. त्याला ती हवी होती हे कळलं. पण कुठली हवी होती? ब्रेडच्या पिशव्या घातलेली. जिचं सगळं बोलून झालेलं आहे ती. जिला घेऊन तो बंद गाडीत बसतो. आणि ही, कोबी चिरणारी, रोज त्याच्यासमोर येऊन उभी राहणारी, हिच्याकडे तो बघत नव्हता. रात्रभर ती याच्याभोवती फिरत राहिली, अर्धवट झोपेत, आणि झोपेत सगळं मैदान बर्फाखाली होतं आणि कोणी तरी डाव्या कडेला उभं होतं. सकाळी रीटाचा निरोप होता: उद्यापर्यंत त्यांना कळव.

गुरुवारी संध्याकाळी निवड होती. गावातल्या खिडक्याखिडक्यांत टीमचे झेंडे लागले होते, दारूच्या दुकानात रांग होती, आणि दवाखान्यातली एक आजी बंद खोलीतून बाहेर येता येता म्हणाली की एरवी मला नीट ऐकू नाही आलं तरी चालेल, पण आज कानातलं मशीन दुरुस्त करूनच दे. लॉरेन अर्धी रजा टाकून घरी आली. भिंतीपलीकडे गाडीतला रेडिओ बारीक चालू होता. तो आत बसून आपली पाळी यायची वाट बघत असणार. तिने कोट काढला नाही. फ्रीजवरचा रेडिओ लावला, स्वयंपाकघरातल्या फोनचा रिसीव्हर उचलला आणि रेडिओवर रोज ओरडून सांगतात तो नंबर फिरवला. फोन लागला, वाट बघा म्हणाले. एका पोराने नाव-गाव विचारलं. ती म्हणाली, लॉरेन, चीक्टोवागा. खोटं नाव घ्यायचं तिला सुचलंच नाही. मग डॉनी एकदम तिच्या कानातच बोलला, "लॉरेन, पहिल्यांदाच फोन करताय ना? आधी तुमचा रेडिओ बारीक करा बाई, मला माझाच आवाज ऐकू येतोय." तिने फ्रीजवरच्या रेडिओचा कान पिळला. घर एकदम गप्प झालं.

"मला चेस्टरच्या बायकोबद्दल बोलायचंय," ती म्हणाली. "टोनावांडाच्या."

"या, या. वहिनींना आव्हान?" डॉनी म्हणाला.

"ती म्हणते ते बरोबर होतं. पण ते जुनं झालं." लॉरेनने भिंतीकडे तोंड केलं. तिचा आवाज कामावरचा होता, सूर सोडतानाचा, सपाट. "मी गेल्या वर्षीचे सगळे सामने बघितले. नवऱ्याच्या मागे उभी राहून, भांडी पुसत. वळून येणारा नवा आणायची गरज नाही. आहे एक. डावीकडे असतो. दर वेळी वळतो, मोकळा असतो, हात वर करून उभा असतो. पोरगं त्या बाजूला बघतच नाही."

डॉनीने विचारलं, चेष्टा न करता, की मग पोराचं करायचं काय. हाकलायचं?

"नाही," ती म्हणाली. तिला वाटलं होतं की ती रागावलेली आहे; आता तिला कळलं की ती रागावलेली नव्हती. "हाकलू नका. ओरडूही नका त्याच्यावर. त्याला भीती वाटत असेल, की तिकडे बघितलं आणि तिथे कोणी नसलंच तर. म्हणून तो जुन्याच जागेकडे बघत बसतो. त्याला फक्त कोणी तरी सांगा, की डावीकडे बघ. अजून उभं आहे तिथे कोणी तरी. पण कायम उभं राहणार नाही. उद्यापर्यंतच."

डॉनी काही तरी म्हणाला, चांगलंच म्हणाला असावा, पण तिने फोन ठेवून दिला होता. काही तरी करायचं म्हणून तिने रेडिओचा कान उलटा पिळला, आणि रेडिओतून तिचा स्वतःचा आवाज आला. तो अजून तिथेच होता, मागे राहिलेला. म्हणत होता, हाकलू नका, ओरडूही नका त्याच्यावर. आपला आवाज इतका म्हातारा आहे हे तिला ठाऊक नव्हतं, आणि इतका जवळचा आहे हेही. ती मागे वळली. नॉर्बर्ट गॅरेजच्या दारात उभा होता. चिंधी नव्हती. गाडीचं दार त्याच्यामागे उघडंच राहिलं होतं, आतला दिवा जळत होता, आणि गाडीच्या रेडिओतूनही तीच बोलत होती, त्याच्या पाठीकडून आणि फ्रीजवरून, दोन्हीकडून.

दोघंही हलले नाहीत. ती ऐकत होती आणि तोही ऐकत होता, आणि ऐकताना तो तिच्या तोंडाकडे बघत होता, जसा तो तेव्हा, बर्फात, दोन डाव बघत राहिला होता. तो खाकरला, दोन तुकड्यांत. तिला वाटलं, आता तो बोलेल. पण इतक्या दिवसांनंतर, या खोलीत, त्याला वाक्य कुठून सुरू करायचं ते सापडत नव्हतं, हे तिला दिसलं. रेडिओवर ती म्हणाली, अजून उभं आहे तिथे कोणी तरी. पण कायम उभं राहणार नाही. आणि दारात उभ्या असलेल्या नॉर्बर्टने आपला उजवा हात हळूच वर केला, खांद्याच्या थोडा वर, खात्री नसलेल्या माणसासारखा, आणि तसाच धरून ठेवला.